बायॉलॉजीत ४१ पडले, आता इंजिनिअरिंगची सीट जाणार का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे तुमच्यासारख्याच काळजीत असलेल्या इतर पालकांनाही उत्तर लागू पडेल. मुलगी खानापूर तालुक्यातल्या गावात मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकली. मग बेळगावात पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्सला पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी, हे कॉम्बिनेशन घेतलं. सेकंड इयरचा निकाल लागला तो असा: फिजिक्स ८६, केमिस्ट्री ८८, मॅथ्स ९३, इंग्रजी ७८, मराठी ९० आणि बायॉलॉजी ४१. तिला इंजिनिअरिंगलाच जायचंय, बेळगावात, नाहीतर कोल्हापूर-सांगली-पुण्याकडं. सीईटी आठवड्यावर आली आहे आणि पोरगी निकाल लागल्यापासून बायॉलॉजीचं पुस्तक उघडून बसली आहे. कारण कुणीतरी सांगितलं, एका विषयात एवढे कमी असले की सरकारी सीट लागत नाही. एक्झाम-टूला, म्हणजे बोर्डाच्या दुसऱ्या परीक्षेला, बायॉलॉजी पुन्हा लिहावा का, असं तुम्ही विचारलंय. धाकट्या मुलानं यंदा दहावीनंतर कुठलं कॉम्बिनेशन घ्यावं, हेही विचारलंय.

ते पुस्तक आजच मिटायला सांगा. मी स्वतः सत्तावीस वर्षं पीयूसीला बायॉलॉजी शिकवतोय आणि दर उन्हाळ्यात पोरांची ऑप्शन एंट्री (कॉलेजांचा पसंतीक्रम भरणं) करून देतोय. माझ्या विषयात कुणाला ४१ पडले की मला वाईट वाटतंच. पण तुमच्या मुलीला ज्या दारातून आत जायचंय, तिथं बायॉलॉजीचा एकही मार्क मोजला जात नाही.

हिशेब मांडून दाखवतो. कर्नाटकात इंजिनिअरिंगचा रँक केईए, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, काढते. त्यात निम्मं वजन सीईटीच्या मार्कांना आणि निम्मं सेकंड पीयूसीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सला. बायॉलॉजी, कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, स्टॅटिस्टिक्स, यांतला जो चौथा विषय असेल तो या बेरजेत येत नाही. दोन्ही भाषाही येत नाहीत. तुमच्या मुलीचे तीन विषयांचे ३०० पैकी २६७ होतात, म्हणजे ८९ टक्के. त्याचे निम्मे ४४.५ तिच्या पदरात आत्ताच पडले आहेत. ते आता कुणी काढून घेत नाही. सीईटीला तीन पेपर ६० मार्कांचे, एकूण १८०. समजा तिला ११२ पडले, तर ते ६२.२२ टक्के, त्याचे निम्मे ३१.११. दोन्ही मिळून ७५.६१. या आकड्यावर तिचा रँक लागेल. बायॉलॉजीत ४१ च्या जागी ९१ असते तरी हा आकडा ७५.६१ च राहिला असता.

आता दुसरी बाजू बघा. सीईटीचा एक मार्क या बेरजेत ०.२८ च्या आसपास भर घालतो, बोर्डाचा एक मार्क ०.१७ च्या आसपास. म्हणजे सीईटीतला एक बरोबर प्रश्न हा बोर्डाच्या जवळजवळ पावणेदोन मार्कांच्या तोलाचा. शिवाय सीईटीला चुकीच्या उत्तराचे मार्क कापले जात नाहीत. उरलेल्या आठवड्यात तिनं रोज जुन्या पेपरांतले फिजिक्सचे साठ प्रश्न घड्याळ लावून सोडवले आणि त्यातून सहा मार्क वाढले, तर बेरजेत दीडाहून जास्त भर पडते. बेळगावातल्या कॉलेजांच्या कॉम्प्युटर सायन्सच्या सीटवर एवढ्या फरकानं रँक कितीतरी पुढं सरकतो, कारण मधल्या पट्ट्यात पोरांची दाटी फार असते. हाच आठवडा बायॉलॉजीवर घालवला तर रँकमध्ये त्याचं काही येणार नाही.

पात्रतेचीही अट असते. इंजिनिअरिंगला फिजिक्स आणि मॅथ्स सक्तीचे, सोबत केमिस्ट्री किंवा नियमात दिलेला एखादा विषय, आणि तिन्ही मिळून ४५ टक्के. आरक्षित गटांना ४० टक्के. आपल्याकडचे मराठा समाजाचे बहुतेक विद्यार्थी कर्नाटकच्या थ्री-बी या मागास प्रवर्गात येतात, त्यांनाही ४० ची अट. तुमची मुलगी ८९ वर आहे. हा मुद्दा इथंच सोडून देऊ.

एक धोका मात्र खराखुरा होता आणि तो टळला आहे, तो नीट समजून घ्या. बायॉलॉजीत ती नापास झाली असती तर पीयूसीच नापास झाली असती. मग फिजिक्स-मॅथ्समध्ये नव्वद असूनही मार्क्स कार्ड हातात आलं नसतं आणि सीट लागूनही प्रवेश अडकला असता. चौथ्या विषयाचं इंजिनिअरिंगवाल्यांना एवढंच देणं लागतं: पास व्हायचं. दरवर्षी दोन-चार पोरं "हा विषय मोजत नाहीत" एवढंच ऐकून तो सोडूनच देतात आणि तिथंच घसरतात. मग त्यांना एक्झाम-टू द्यावीच लागते. तुमच्या मुलीला ४१ आहेत. ती त्या रेषेच्या पलीकडं आली आहे.

एक्झाम-टूबद्दल. २०२४ पासून बोर्ड वर्षाला एकाहून जास्त परीक्षा घेतं आणि विषयवार सर्वांत जास्त मार्क धरले जातात, त्यामुळं पुन्हा लिहिल्यानं मार्क कमी होत नाहीत. हे चांगलं झालं. पण वेळापत्रक बघा. २०२५ साली निकाल ८ एप्रिलला लागला, सीईटी १६ आणि १७ ला झाली, एक्झाम-टू २४ एप्रिलला सुरू झाली, आणि त्याच दिवसांत महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी चालू होती. सगळं एकावर एक येतं. तिला कोल्हापूर-पुण्याचा रस्ताही उघडा ठेवायचा असेल तर बायॉलॉजीसाठी एक्झाम-टूचा अर्ज भरू नका. अर्ज भरला की पोरगी अभ्यास करणारच, आणि तो वेळ फिजिक्स-मॅथ्समधूनच जाणार.

आता महाराष्ट्र. आपल्या भागातल्या फार घरांना हे ठाऊकच नसतं. महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत उमेदवारांचे प्रकार आहेत, त्यांतला 'ई' प्रकार वादग्रस्त महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी आहे. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत तुमचं गाव असेल, तर तिला परराज्यातली म्हणून अर्ज करायची गरज नाही. त्यासाठी लागतं काय, तर सीमाभागातलं असल्याचा दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला, दोन्ही त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यातच. साध्या लेटरहेडवर लिहून आणलेला दाखला पडताळणीत परत पाठवतात. जूनमध्ये शाळेत मुख्याध्यापक भेटत नाहीत, क्लार्क रजेवर असतो, म्हणून हे काम मे महिन्यातच उरकून घ्या.

तिथं बायॉलॉजीचं काय? महाराष्ट्रात इंजिनिअरिंगची मेरिट एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीचे मार्क पात्रतेपुरते. पीसीएम गटात मॅथ्सला १०० आणि फिजिक्स-केमिस्ट्रीला मिळून १००, बायॉलॉजी त्या गटात नाहीच. म्हणजे तिथं ४१ ला आणखीच कमी किंमत. एवढं लक्षात ठेवा की त्या परीक्षेत सुमारे वीस टक्के भाग अकरावीचा असतो, आणि आपली पोरं फर्स्ट पीयूसी संपली की ती पुस्तकं कुणाला तरी देऊन टाकतात. ती परत मागून आणा.

कर्नाटकातल्या खाजगी कॉलेजांची कॉमेडके परीक्षा देत असेल तर तिथंही रँक त्या परीक्षेवरच.

जेईई दिली असेल तर मात्र एक बारीक मुद्दा आहे. एनआयटी आणि आयआयटीच्या प्रवेशाला बारावीत ७५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ६५, किंवा मग आपल्या बोर्डाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. हे ७५ टक्के सहा विषयांचे नसतात, पाचांचे असतात: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, एक भाषा, आणि उरलेल्यांपैकी ज्यात सर्वांत जास्त मार्क आहेत तो विषय. तुमच्या मुलीच्या मार्क्स कार्डावर सहा विषयांची बेरीज ४७६, म्हणजे ७९.३३ टक्के. पण जेईईच्या हिशेबात बायॉलॉजी बाजूला पडतं आणि तिथं मराठीचे ९० येऊन बसतात. बेरीज ५०० पैकी ४३५, म्हणजे ८७ टक्के. आपल्याकडं मराठी विषय घेणाऱ्या पोरांना "त्याचा काय उपयोग" असं सतत ऐकावं लागतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत तिच्या हलक्या विषयाची जागा मराठीनं भरून काढली. तिला हे मुद्दाम सांगा.

मग हे ४१ नडतात कुठं? जिथं बायॉलॉजी मोजतात तिथं, आणि जिथं सहाच्या सहा विषयांची बेरीज बघतात तिथं. धारवाडच्या कृषी विद्यापीठात बीएस्सी ॲग्रीला जायचं असतं तर मी तुम्हाला याच्या उलट सांगितलं असतं: एक्झाम-टूचा अर्ज आजच भरा. कारण तिथल्या रँकमध्ये पीयूसीच्या बायॉलॉजीचे मार्क थेट उतरतात. घरी शेती असेल तर शेतकरी कोटाही असतो, त्याला वेगळी प्रात्यक्षिक परीक्षा असते, आणि आपल्या भागातली पोरं त्यात चांगली चमकतात, कारण बियाणं आणि अवजारं त्यांच्या रोजच्या हाताखालची. साध्या बीएस्सीला आपल्या भागातली बरीच कॉलेजं एकूण मार्कांवर यादी लावतात, तिथं बायॉलॉजी खाली ओढेल. केंद्र सरकारच्या सेंट्रल सेक्टर शिष्यवृत्तीला बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर असावं लागतं, तिथंही एकूणच बघतात. ८५ टक्क्यांना डिस्टिंक्शन, म्हणजे ५१० मार्क. ते तिचं हुकलं. मार्क्स कार्डावर फर्स्ट क्लास राहील. मनाला लागतं हे, खरं आहे. पण प्रवेशाच्या खिडकीत ते कुणी विचारत नाही.

नीटचं वेगळं आहे आणि पालकांचा सगळ्यांत जास्त गोंधळ तिथंच होतो. एमबीबीएसला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के लागतात. तुमच्या मुलीचे २१५ होतात, ७१ टक्क्यांच्या वर. म्हणजे कागदावर ती मेडिकललाही पात्र आहे! पण नीटमध्ये ७२० पैकी ३६० मार्क बायॉलॉजीचे. बोर्डात ४१ पडलेल्या मुलीला "वर्षभर घरी बसून नीट कर" म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे शांतपणे सांगा. पात्र असणं वेगळं, आणि त्या विषयावर वर्षभर जीव लावणं वेगळं.

"सरकारी सीट लागत नाही" असं तुम्हाला कुणी सांगितलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी विचारतही नाही. पण काही वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. जांबोटीकडचा एक मुलगा होता. इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्याला ३८ पडले होते, बाकी पीसीएममध्ये ऐंशीच्या पुढं होता. एका ॲडमिशन एजंटानं त्याच्या वडिलांना मार्क्स कार्डावरच्या त्या ३८ वर बोट ठेवून दाखवलं आणि म्हणाला, हा डाग असला की कौन्सेलिंगमध्ये नाव येत नाही, मॅनेजमेंटची सीट आत्ताच धरा. वडिलांनी काजूची बाग गहाण टाकून पैसे भरले. सीईटीच्या निकालानंतर मुलगा भेटायला आला तेव्हा मी त्याचा रँक बघितला. सरकारी कोट्यातून त्याच शाखेची सीट त्याला पहिल्याच राऊंडला लागली असती. भरलेल्या पैशातला एक रुपयाही परत मिळाला नाही. त्याचे वडील माझ्यासमोर बसून त्या कागदावरून नुसता अंगठा फिरवत होते, ३८ च्या आकड्यावरून. तेव्हापासून असा प्रश्न आला की मी आधी आकडे मांडतो. एजंट एखाद्या विषयाच्या मार्कांवर बोट ठेवू लागला, तर त्याला एवढंच विचारा: हा विषय रँकच्या कुठल्या सूत्रात येतो ते लिहून द्या.

कागदपत्रांचं एक राहून जातं. मुलगी पहिली ते दहावी खेडेगावातल्या शाळेत शिकली असेल तर कर्नाटकात ग्रामीण कोटा आहे, १५ टक्के. कन्नड माध्यमाचा ५ टक्क्यांचा कोटा मराठी शाळेतल्या मुलांना मिळत नाही, पण ग्रामीण कोट्याला माध्यम आड येत नाही. हे न कळल्यामुळं आपली कितीतरी पोरं तो रकाना रिकामा ठेवतात. स्टडी सर्टिफिकेटवर बीईओची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्याची, सही लागते. खानापूरला जाऊन आठवडाभरात ते काम करून घ्या. बायॉलॉजीच्या मार्कांनी रँक बदलणार नाही, या एका कागदानं सीट बदलू शकते. कर्नाटकात सात वर्षं शिकल्याचा पुरावाही लागतो. तुमच्या मुलीला तो सहज मिळेल. मधली काही वर्षं गडहिंग्लज-कोल्हापूरच्या वसतिगृहात राहून शिकलेल्या पोरांनी मात्र वर्षं मोजून बघावीत.

आता ४१ का पडले, याबद्दल. हे मी शिक्षक म्हणून लिहितोय. मार्क बघून तुम्ही म्हणाल, अभ्यास केला नाही. मला तसं वाटत नाही. मागच्या एका वर्षी अशाच एका मुलीची उत्तरपत्रिकेची स्कॅन कॉपी आम्ही दोघांनी स्टाफ रूममध्ये बसून वाचली होती. परागण झालेल्या स्त्रीकेसराची आकृती तिनं इतकी सुबक काढली होती की मी ती वर्गात दाखवली असती. पण नावं दिली होती फक्त दोन. बाकीच्या रेघा कोऱ्याच. मी विचारलं, ही नळी कसली? ती पटकन म्हणाली, "सर, परागनलिका." मग तिच्या खालच्या भागाकडं बोट केलं, त्याचंही तिनं मराठीत सांगितलं. इंग्रजी नाव तिच्या जिभेवरच आलं नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं सगळं तिच्या डोक्यात शाबूत होतं आणि पेपरवर ते उतरवायला शब्द नव्हते. फिजिक्स-मॅथ्समध्ये आकडे आणि सूत्रं वाट काढून देतात, बायॉलॉजीत पानंच्या पानं इंग्रजीत लिहावी लागतात. म्हणून मराठी शाळेतून आलेल्या हुशार पोरांचे मार्क नेमके याच विषयात गळतात. तुमच्या मुलीचे बाकीचे आकडे बघता तिचंही तसंच झालं असावं, असं मला वाटतं. तिला आळशी म्हणू नका.

धाकट्याच्या कॉम्बिनेशनचं उत्तर इथंच सुरू होतं. त्याला इंजिनिअरिंगच करायचंय हे पक्कं असेल तर चौथा विषय असा घ्या की ज्यात तो कमी वेळात पास होईल आणि चांगले मार्क काढेल. आकड्यांत रमणारा असेल तर कॉम्प्युटर सायन्स किंवा स्टॅटिस्टिक्स. पण त्याचं अजून ठरत नसेल, किंवा ॲग्री, नर्सिंग, पशुवैद्यकीय यांपैकी काही मनात येत असेल, तर बायॉलॉजी सोडू नका. ते दार एकदा बंद झालं की परत उघडणं फार कष्टाचं. आणि बायॉलॉजी घेतलं तर पहिल्या दिवसापासून एक वही करायला सांगा: डाव्या पानावर मराठी शब्द, उजव्या पानावर इंग्रजी, रोज दहा. माझ्या वर्गात ही वही करणारी मराठी माध्यमाची पोरं दिवाळीपर्यंत बाकीच्यांच्या बरोबरीनं येतात. तालुक्याच्या कॉलेजात सगळी कॉम्बिनेशन मिळतातच असं नाही. केवळ कॉम्प्युटर सायन्ससाठी मुलाला रोज पहाटेच्या एसटीनं बेळगावला धाडत असाल तर आधी विचार करा. रोजचे तीन तास प्रवासात जाणार असतील तर त्या विषयाच्या फायद्यापेक्षा तोटा मोठा.



आता या आठवड्यात काय करायचं ते सांगतो. बायॉलॉजीच्या उत्तरपत्रिकेच्या स्कॅन कॉपीसाठी अर्ज करा, पण तो तुम्ही करा, तिला त्यात गुंतवू नका. मुदत थोड्या दिवसांची असते आणि पुनर्मूल्यांकन मागायचं तर आधी ही कॉपी हातात लागते. कॉपी आली की फक्त दोन गोष्टी बघा, बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर न तपासता राहिलंय का. कळत नसेल तर मला दाखवा, मी वाचून सांगतो. मुलीला म्हणावं, सीईटी होईपर्यंत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स एवढंच. सीईटी आणि एमएचटी-सीईटी झाल्या की एखाद्या संध्याकाळी तिला घेऊन या. ती कॉपी आम्ही दोघं मिळून वाचू, आणि कोऱ्या राहिलेल्या रेघांची नावं ती मला आधी मराठीत सांगेल.